उजवी गढूळ, डावी निळी

किल्ल्याच्या तिकीट खिडकीशेजारी पोस्टकार्डांची फिरती मांडणी होती. तिच्यापाशी पोहोचून दोन मिनिटेही झाली नसतील, तोच बाईंचा पारा चढला.

"हे उलटं छापलंय," बाई म्हणाल्या.

लेक तिकिटे काढत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही. नवरा खिडकीखालच्या भिंतीला तळहात लावून उभा होता, त्यामुळे त्याने ऐकलेच नाही.

"सगळीच्या सगळी उलटी छापलीत. गढूळ नदी डावीकडे दाखवलीय. गढूळ नदी उजवीकडे असते. जगभरातून माणसं येतात इथे आणि ह्यांना एक फोटो नीट छापता येत नाही. विचार त्याला, हे कुणी तपासलं."

"आई, तो तिकिटं देतो. कार्डं तो छापत नाही."

"विकतो ना? मग सांग त्याला."

लेकीने खिडकीतल्या माणसाला तिथल्या भाषेत काहीतरी सांगितले. तो हसला, बाईंकडे पाहून त्याने मान डोलावली आणि तिकिटांबरोबर एक पोस्टकार्ड फुकट दिले. लेकीने नेमके काय सांगितले कोण जाणे, पण तक्रार ऐकून माणूस असा हसत नाही एवढे बाईंना कळत होते. त्यांनी ते कार्ड पुरावा म्हणून पर्समध्ये टाकले.

तिकिटावर बुरुजाची वेळ छापलेली होती, तीन वाजता. बाकी किल्ल्यात दिवसभर फिरा, कोणी विचारत नव्हते. पण सगळ्यात वरच्या बुरुजावर एका वेळी वीसच माणसे सोडत, आणि दहा मिनिटे उशीर झाला तर तिकीट बाद. उद्यापासून बुरूज डागडुजीसाठी चार महिने बंद राहणार होता. बाईंचे परतीचे विमान परवा होते. म्हणजे आज तीन वाजता बाई वर गेल्या तर गेल्या, नाहीतर हा जन्म असाच.

एका बुरुजासाठी एवढा जीव कशाला टाकायचा, असे कोणी विचारील. त्यासाठी बाईंनी एकदा केलेला खोटेपणा सांगायला हवा.

बाई एकतीस वर्षे चौथीला भूगोल शिकवत होत्या. पुस्तकात 'नद्यांचा संगम' नावाचा धडा होता आणि धड्यात ह्याच किल्ल्यावरून काढलेला एक फोटो होता. खाली दोन नद्या येऊन मिळतात, एक गढूळ आणि एक निळी, आणि मिळाल्यावरही बरेच अंतर त्या भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींशी न बोलता शेजारून वाहतात. बाई हा धडा फार रंगवून शिकवत. फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढत. कुठली नदी कुठे हे पोरांच्या लक्षात राहावे म्हणून त्यांनी एक युक्तीही शोधली होती : लिहायचा हात शाईने मळतो, म्हणून उजवी गढूळ, डावी निळी. हजारभर पोरांनी आपापला उजवा हात वर करून हे घोकले.

त्यांतलीच एक बाईंची लेक. ती डावखुरी. वार्षिक परीक्षेत तिने गढूळ नदी डावीकडे काढली आणि बाईंनी तिचा अख्खा एक गुण कापला. पेपर वाटून झाल्यावर लेक वर्गात उभी राहिली. शाळेत आईला 'बाई' म्हणायचे असा घरचा दंडक होता, त्याप्रमाणे ती म्हणाली, "बाई, माझ्या मैत्रिणीकडे त्या देशाचं टपालाचं तिकीट आहे. त्यावर गढूळ नदी डावीकडे आहे." वर्गासमोर माघार घ्यायची म्हणजे बाईंच्या जिवावर येई. "तिकीट उलटं छापलंय," त्या म्हणाल्या. "मी स्वतः त्या किल्ल्यावर उभं राहून ह्या डोळ्यांनी पाहिलंय."

बाईंनी तोवर समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. हे त्या वर्गात फक्त एका मुलीला ठाऊक होते, आणि ती मुलगी काही न बोलता खाली बसली. त्या वर्षी तिचा पहिला नंबर अर्ध्या गुणाने हुकला. तो समोरच्या घरातल्या मुलीला मिळाला. ह्या गोष्टीला सव्वीस वर्षे झाली होती. तेवढ्या काळात घरात एकदाही तिचा विषय निघाला नाही. लेक शिकली, लग्न होऊन नेमकी ह्याच देशात आली, आणि किल्ला घरापासून गाडीने तीन तासांवर असूनही सहा वर्षांत तिकडे फिरकली नाही. आता बाई निवृत्त होऊन लेकीकडे आल्या होत्या आणि त्यांना त्या बुरुजावर एकदा उभे राहायचे होते. तेवढे झाले की सव्वीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य, उशिरा का होईना, खरे होणार होते.

आणि ह्या सगळ्याच्या आड आला होता नवरा.

नवऱ्याचा धंदा गळक्या गच्च्या आणि ओल्या भिंती दुरुस्त करण्याचा. ओळखीचे लोक त्याला ओलवाले म्हणत. धंदा त्याने मुलाच्या वयाच्या भागीदाराला देऊन टाकला होता, पण हात कुठे देता येतो. कुठल्याही घरात गेला की यजमानाआधी तो भिंतीला भेटायचा. आधी तळहात लावायचा, मग बोटाच्या पेराने ठोकायचा, आणि आवाज संशयास्पद वाटला की खिशातून घराची किल्ली काढून तिच्या जाड टोकाने ठोकायचा. भरीव भिंत एक आवाज देते, पोकळ गिलावा दुसरा. हा फरक त्याला झोपेतही कळे. त्या किल्ल्यात भिंती होत्या सातशे वर्षांच्या आणि पायऱ्या होत्या तीनशे. ओलवाले प्रत्येक वळणावर थांबत होते.

"अहो, चला," बाई पहिल्या दरवाजापाशी म्हणाल्या. तेव्हा पावणेदोन झाले होते.

"अगं, हे बघ. दगड चुन्यात बांधलेत आणि वरून सिमेंटचा गिलावा मारलाय. कुठल्या गाढवाने केलं हे? भिंतीला श्वास कुठून घ्यायचा?"

"तुम्ही घेऊ द्या मला श्वास. चला."

दुसऱ्या दरवाजापाशी भिंतीला पांढरा लोणा, म्हणजे ओलीतून वर येणारा खार, फुटलेला दिसला. तिथे पाच मिनिटे गेली. तोफांच्या दालनात सगळे लोक तोफा पाहत होते आणि ओलवाले तोफांकडे पाठ करून कोपरा पाहत होते. राणीच्या शयनगृहात ते दोरीच्या पलीकडे वाकून पलंगामागे डोकावले, तेव्हा तिथल्या रखवालदाराने खाकरून दाखवले. बाईंना त्या राणीची कीव आली. एवढे राज्य होते तिचे आणि पलंगामागे हिच्याही ओलच.

"आई, दमलीस का? बस थोडी," लेक मधल्या चौकात म्हणाली.

"मी नाही बसत. तीन वाजता बसेन."

"आई." लेक जरा अडखळली. "तू मोबाइलवर ह्या नद्यांचे फोटो पाहिलेस का कधी? खूप आहेत."

"मोबाइलमध्ये फोटो उलटेच येतात. तुझ्या बाबांचा भांग बघ, फोटोत दुसऱ्याच बाजूला असतो."

पुढचा जिना लेक एकटीच पुढे चढून गेली.

तीनला दहा मिनिटे कमी असताना ते बुरुजाच्या शेवटच्या जिन्याशी पोहोचले. अरुंद बोळात रांग उभी होती. बाई सातव्या होत्या, त्यांनी दोनदा मोजले. दारापाशी गणवेशातला रखवालदार घड्याळ पाहत होता. आता फक्त उभे राहायचे होते. दहा मिनिटे हात खिशात ठेवून उभे राहणे हे काम जगातल्या कुठल्याही नवऱ्याला जमण्यासारखे आहे, असे बाईंना वाटले. ह्याच वाटण्यापायी त्यांनी संसारात बरेच काही भोगले होते.

"इथे पाणी आहे," ओलवाले हळूच म्हणाले.

"असू दे."

"नाही, आत आहे. गिलाव्याच्या मागे. ऐक." आणि त्यांनी पेराने ठोकले.

"बाबा, हात लावू नका. पाटी आहे."

"हात कुठे लावतोय?" ओलवाले म्हणाले, आणि त्यांनी किल्लीने ठोकले.

किल्लीचे दोन ठोके झाले. तिसरा मारायची वेळच आली नाही. परातीएवढा पोपडा भिंतीवरून सुटला, खाली आला आणि फरशीवर फुटून त्याचे पीठ झाले. मागोमाग भोकातून पाण्याची करंगळीएवढी धार लागली. बोळात सगळे पांढरे झाले, त्यात रखवालदाराची टोपीही. त्या धुरळ्यात ओलवाल्यांचा आवाज खणखणीत ऐकू आला.

"बघ, म्हटलं नव्हतं?"

रखवालदाराने जिन्याचे दार लावून घेतले, कडी घातली आणि खांद्यावरच्या यंत्रात बोलू लागला. बुरूज सगळ्यांसाठी बंद झाला. रांगेतली माणसे भडकली. ती कुठल्या कुठल्या देशांची होती आणि निरनिराळ्या भाषांत बोलत होती, पण बाईंना प्रत्येक शब्द समजला, कारण त्यांच्याही मनात तेच होते.

रखवालदाराने तिघांना खालच्या मजल्यावरच्या कार्यालयात नेले. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, कागदांची कपाटे आणि एक कारकून होता. खिडकी होती, पण ती गाड्या लावायच्या जागेवर उघडत होती. कारकुनाने चार पानी अर्ज काढला, पेनाचे टोपण उघडले आणि लेकीला दुभाषी म्हणून शेजारी बसवले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दोन मिनिटे झाली होती.

"बाबा, ते विचारतायत, भिंतीवर कशाने प्रहार केला?"

"प्रहार कसला? किल्लीने ठोकलं."

"कुठली किल्ली?"

"घराची."

"कशासाठी ठोकलं?"

"पोकळ आहे का ते बघायला."

लेकीने सांगितले. कारकुनाने लिहून घेतले आणि पुन्हा काही विचारले.

"विचारतायत, मग काय आढळलं?"

"पोकळ आहे."

तेही कारकुनाने लिहून घेतले. "इथे 'उद्देश' असा रकाना आहे," लेक म्हणाली. "त्यात ह्यांना एकच शब्द लिहायचाय. नासधूस, चोरी, किंवा इतर."

"इतर," ओलवाले म्हणाले. "इतर म्हणजे सवय."

इथे बाई उठून उभ्या राहिल्या. तीन वाजून अकरा मिनिटे झाली होती. तिकीट आता अधिकृतपणे बाद झाले होते.

"सवय?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि चौथीतल्या कुठल्याही पोराने सांगितले असते की हे लक्षण वाईट. "आपल्या कपाटामागे ओल आहे. अकरा वर्षं आहे. पहिल्यांदा दाखवली तेव्हा तळहाताएवढी होती. आता ती पंख्यापर्यंत पोचलीय. माझ्या लग्नाच्या शालूला बुरशी आली. मी म्हटलं, अहो, बघा. तुम्ही म्हणालात, पाऊस संपला की बघू. अकरा पाऊस संपले. तिथे नाही कधी हाताला सवय झाली. माझी भिंत नाही ठोकलीत. हजारो मैल येऊन ह्या लोकांची ठोकलीत, आणि ती पण कधी, माझ्या तीन वाजता."

"अगं, आपली भिंत पोकळ नाहीये. तिचं दुखणं वेगळं आहे."

"तिचं दुखणं तुम्ही आहात."

कारकुनाने लेकीकडे पाहिले. लेक म्हणाली की हे लिहून घ्यायची गरज नाही.

"मी आयुष्यात तुमच्याकडे एक गोष्ट मागितली," बाई म्हणाल्या. "शालू नाही, दागिना नाही. तीन वाजता वेळेवर पोचवा म्हटलं. तेवढंही नाही झालं तुमच्याने. चुकलं म्हणा. एकदा तरी तोंडाने म्हणा, की माझं चुकलं. माणसाला स्वतःची चूक कबूल करायला काय होतं?"

हे वाक्य ऐकून लेकीने मान वर केली आणि आईकडे टक लावून पाहिले. बाईंचे लक्ष नव्हते. त्या खाली बसल्या, पण राग खाली बसेना. नवऱ्यावर काढून संपला नव्हता आणि कारकुनावर काढायला भाषा येत नव्हती. तेवढ्यात त्यांना पर्समधल्या पोस्टकार्डाची आठवण झाली.

"त्याला म्हणावं, मलाही एक अर्ज दे. मला तक्रार करायचीय."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. आमची एक चूक झाली तर चार पानं भरून घेतात. ह्यांच्या चुकीचं काय?"

कारकुनाने निमूटपणे एक कोरा अर्ज दिला. बाईंनी पर्समधून लाल पेन काढले. निवृत्त झाल्या तरी ते पेन त्यांच्याजवळ असेच. भाषेचा प्रश्न नव्हता, आकृती पुरेशी होती. त्यांनी किल्ला काढला, दोन नद्या काढल्या, उजवीत आडव्या रेघा भरून ती गढूळ केली, प्रवाहाचे बाण दाखवले आणि खाली पोस्टकार्डाचे चित्र काढून त्यावर चौकटीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली. शेवटी सही केली. कारकुनाने तो कागद बराच वेळ पाहिला. मग शिक्का मारला आणि एका खणात ठेवला.

इतक्यात दार धाडकन उघडले. आत आली ती एक उंच, चिखलाच्या बुटांतली, डोक्यावर पिवळे शिरस्त्राण घातलेली स्त्री. तिच्या हातात त्याच पोपड्याचा तुकडा होता. लेकीने हळूच सांगितले की ही किल्ल्याची इंजिनियर. ती चिडलेली होती. तिने तुकडा टेबलावर आपटला आणि एक प्रश्न विचारला.

"हे कुणी पाडलं म्हणून विचारतेय," लेक म्हणाली.

ओलवाले उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. इंजिनियरने दोन पावलांत खोली ओलांडली, तो वर केलेला हात दोन्ही हातांत धरला आणि जोरजोरात हलवला. मग ती जी बोलत सुटली ती लेकीला सांगताना दम लागेपर्यंत थांबली नाही. तीन वर्षे ती वरच्या लोकांना पत्रे लिहीत होती, की भिंतीत पाणी मुरतेय, वरची पन्हळ कुठेतरी फुटलीय, मला एक वीतभर गिलावा उघडून पाहू द्या. तीन वर्षे तिला उत्तर येत होते, की भिंत कोरडी आहे आणि ऐतिहासिक वास्तूला हात लावता येणार नाही. आता धार लागलीय. आता म्हणावे, कोरडी आहे. उद्यापासून काम आहे ते नुसते रंगाचे, असे सांगून तिने तो तुकडा पुन्हा एकदा आपटला.

तिला राग आला होता तो कार्यालयाचा. बाईंना ती एकदम आवडून गेली.

पुढची दहा मिनिटे दुभाष्याची गरज पडली नाही. ओलवाल्यांनी किल्ली काढली, कार्यालयाचीच भिंत ठोकून दाखवली आणि इंजिनियरने कान लावला. इथे भरीव, इथे भरीव, इथे मात्र पोकळ. पोकळ जागा कारकुनाच्या बरोबर डोक्यामागे निघाली. त्याने आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेली. इंजिनियरने 'उद्देश' ह्या रकान्यात स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून चारही पानांवर सही ठोकली. मग तिने ओलवाल्यांकडे वळून विचारले.

"म्हणतेय, तुमच्यासाठी मी काय करू?" लेक म्हणाली.

ओलवाल्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले. भिंतीच्या आतले बघायला मिळेल का, असे त्यांच्या तोंडावर अगदी आले होते. मग त्यांनी खुर्चीत बसलेल्या बायकोकडे पाहिले. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. साडेतीन झाले होते.

"मला काही नको," ओलवाले म्हणाले. "हिला वर न्या."

बाईंनी मान फिरवली. अकरा वर्षांचा राग एका वाक्याने जात नाही, पण त्यातली एखाददोन वर्षे तेव्हा कमी झाली असावीत.

वर जाताना सगळ्यांना पिवळी शिरस्त्राणे घालावी लागली. बाईंचे अंबाड्यामुळे बसेना, ते त्यांनी हाताने धरले. निघता निघता कारकुनाने खणातला अर्ज काढून इंजिनियरच्या हातात दिला, कारण नकाशा किंवा आकृती असलेले सगळे कागद तिच्याकडे जायचे असा तिथला नियम होता. बंद दाराची कडी उघडली, भिजलेल्या पायऱ्या चढून ते बुरुजावर आले. वर वारा होता आणि दुसरे कोणीही नव्हते. वीस माणसांची जागा फक्त चौघांना मिळाली होती. बाई कठड्याशी गेल्या आणि त्यांनी खाली पाहिले.

दोन नद्या येत होत्या. पुस्तकातल्यापेक्षा रुंद, आणि रंग फळ्यावरच्या खडूंपेक्षा गडद. दोघी मिळत होत्या आणि तरीही मिसळत नव्हत्या. अगदी बाईंनी शिकवले तसे.

डावीकडची गढूळ होती. उजवीकडची निळी.

बाईंनी डोळे चोळले. मग आपला उजवा हात वर करून पाहिला, खाली घेतला आणि डावा वर केला. बुरुजाच्या पलीकडच्या कडेला जाऊन आल्या, तिथून फक्त गाड्या दिसत होत्या. इंजिनियरने तोवर अर्ज उघडून कठड्यावर पसरला होता. ती एकदा आकृतीकडे पाहत होती आणि एकदा नद्यांकडे. मग तिने अगदी नम्रपणे कागद उलटा फिरवला आणि तसा पाहून बघितला.

"डावीकडची गढूळ दिसतेय," ओलवाले म्हणाले.

"दिसतेय मला," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "ह्यांनी किल्ला चुकीच्या काठावर बांधलाय."

"अगं, बांधून सातशे वर्षं झाली. आता हलवायचा कसा?"

"बाबा, तुम्ही थांबा," लेक म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, पुरे. किल्ला चुकला, कार्डं चुकली, मोबाइल चुकला, ते टपालाचं तिकीट चुकलं. एवढ्या सगळ्या वस्तू चुकल्या आणि तुझं पुस्तक तेवढं बरोबर?"

"पुस्तकात फोटो उलटा छापला असेल. त्याला मी काय करू? मला जे दिलं ते मी शिकवलं."

"पुस्तकाचं मला काही नाही. पुस्तक चुकतं. तू म्हणालीस, मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय." सव्वीस वर्षांचा राग होता तो, आणि तो बाईंच्याच रक्ताचा होता. "सगळ्या वर्गासमोर म्हणालीस. माझ्याकडे बघून म्हणालीस. आदल्याच रविवारी मला विचारत होतीस, विमानाची खिडकी उघडता येते का."

खालून दोन्ही नद्यांचा आवाज येत होता. ओलवाले कठड्याकडे वळले, त्यांचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"मी दहा वर्षांची होते. वेडी नव्हते."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"काय बोलणार होते? माझी आई खोटं बोलतेय म्हणून सांगू वर्गाला?" लेकीने नाक पुसले. "मला वाटलं, घरी आल्यावर तू सांगशील. मी वाट बघत होते. जेवताना बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली. मग सोडून दिलं. आणि मघाशी खाली तू बाबांना विचारतेस, माणसाला स्वतःची चूक कबूल करायला काय होतं."

एकतीस वर्षांत बाईंसमोर असा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत कोणी उभे राहिले नव्हते. त्यांनी परत एकदा खाली पाहिले. डावी गढूळ, उजवी निळी. लिहायचा हात शाईने मळतो हे खरेच होते. फक्त ज्या पोरीचा डावा हात रोज शाईने बरबटलेला असे, तिलाच त्यांनी त्या दिवशी खाली बसवले होते. बाईंना स्वतःचाच असा राग आला, की दिवसभराचा नवऱ्यावरचा राग त्यापुढे काहीच नव्हता.

त्यांनी शिरस्त्राण काढून नवऱ्याच्या हातात दिले. पर्स उघडली. पुरावा म्हणून ठेवलेले पोस्टकार्ड काढले, लाल पेन काढले, कार्ड कठड्यावर उलटे ठेवले. वाऱ्याने उडू नये म्हणून इंजिनियरने काही न कळताही त्यावर बोट धरले. बाईंनी कार्डावर काहीतरी लिहिले, खाली तारखेसकट सही केली आणि कार्ड लेकीच्या डाव्या हातात दिले.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडताना नवऱ्याने लग्नानंतर प्रथमच ऐकले. ते घरी जाऊन आपल्यालाही म्हणावे लागणार, हे त्याला तेव्हाच उमगले.

लेकीने कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचले. मग पुन्हा वाचले.

"अर्धा गुण? प्रश्न एका गुणाचा होता."

"प्रवाहाचे बाण दाखवले नव्हतेस," बाई म्हणाल्या. "मला आठवतंय."

"आई, सव्वीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? पाणी कुठून कुठे जातं ते कळायला नको?"

लेकीने काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण तिला हसू आवरेना. डोळे पुसत, कार्ड हातात घट्ट धरत तिने हिशेब केला. तिचा पहिला नंबर अर्ध्याच गुणाने गेला होता.

"म्हणजे मग माझा पहिला नंबर?"

बाईंनी पेनाला टोपण लावले, ते पर्समध्ये ठेवले आणि पर्स बंद केली.

"विभागून," त्या म्हणाल्या.